मशीनवर का माणसावर

मी मशीनकडे वळलो तो गजकर्णामुळे. लिहितानाही कसंतरी होतं, पण खरी सुरुवात तिथूनच आहे, त्याला इलाज नाही.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला मी जिथं राहतो, तिथून चालत जाण्यासारखं एक मोठं दुकान आहे. किराणा, भाजी, बादल्या, बनियन, सगळं एका छताखाली. त्याला सगळे मॉल म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो. उन्हाळ्यात दिवसभर कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर भाजून निघाल्यावर त्या मॉलच्या गारव्यात जरा फिरायचं आणि चार वस्तू घेऊन घरी यायचं, ही माझी चैन. पैसे घ्यायला एक ताई बसायच्या. मनानं चांगल्या, पण आवाज असा की एसटी स्टँडवर भोंग्याची गरज पडली नसती.

त्या दिवशी मी मलमाची ट्यूब अंड्यांच्या खाली झाकून आणली होती. ताईंनी ती बरोबर वर काढली, उजेडात धरली आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं विचारलं, “गजकर्ण झालं काय भाऊ? कुठं झालं?”

मी खाली बघितलं.

“ह्या मलमानं नाही जात थे. कडुलिंबाचा पाला उकळा अन् त्या पान्यानं आंग धुवा. अन् टावेल वेगळा ठेवजा.”

“गंधक लावा म्हना त्याले,” मागून एक आजोबा म्हणाले.

“गंधकानं कातडी निंगते काका. तुमी गप बसा.”

मग तिथं कडुलिंब का गंधक यावर बरंच बोलणं झालं आणि मी मधे उभा. शेवटी पिशवी हातात देताना ताई म्हणाल्या, “अन् ही नुसती अंडीच खाऊन राहिले तुमी हप्ताभर. पोटात पिल्लं निंगतीन एखांद्या दिवशी. बायको कुठं असते?”

माझं गाव चंदगडच्या बाजूला, कोल्हापूरच्याही खाली. आमच्याकडंही लोक चौकशी करतात, पण आधी पाणी देतात, बसवतात, आणि आवाज खाली आणून विचारतात. इथं वऱ्हाडात काळजी वाटली की आवाज चढतो. हे मला आता कळतं. तेव्हाही कळत होतं, पण कळून काय करता, कान तापायचे ते तापायचेच.

पुढच्याच महिन्यात ताईंच्या शेजारचा दुसरा काउंटर काढला आणि तिथं दोन मशीनं आणून उभी केली. आपल्या वस्तू आपणच काचेवर दाखवायच्या, टिंग वाजलं की बाजूच्या पाटावर पिशवीत ठेवायच्या, आणि मोबाईलनं पैसे भरून निघायचं. कुणी काही विचारत नाही. कुणी ट्यूब वर काढत नाही. पहिले काही दिवस कुणीच तिकडं फिरकलं नाही. मी लांबून, बिस्किटांच्या मागून, मशीन लावणारा माणूस कसं करतो ते बघून घेतलं. हातानं काम करणाऱ्याला हात बघून शिकता येतं. मग एका दुपारी गर्दी नसताना गेलो, मराठीवर बोट ठेवलं आणि एकटाच उरकून बाहेर पडलो. शेवटी आतली बाई म्हणाली, “धन्यवाद, पुन्हा या.” पुण्याकडचा आवाज, एकदम स्वच्छ. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला कोण असं म्हणतं? मी बाहेर येऊन उगीच मागं वळून बघितलं.

शाळेचं सांगायचं तर लोकांना मी सांगतो, घरची परिस्थिती. परिस्थिती होतीच, ती काय खोटी नाही. पण माझ्या दोघी बहिणी त्याच परिस्थितीत दहावी झाल्या. मला चारचौघांसमोर उभं राहून बोलायला सांगितलं की जीभ टाळूला चिकटते. एकटा असलो की धडा घडाघड वाचायचो, आणि वर्गात उभं केलं की पहिल्या शब्दावर ठप्प. साहेब तपासणीला आले तेव्हा गुरुजींनी मोठ्या आशेनं मलाच उभं केलं होतं, कारण त्यांनी मला व्हरांड्यात वाचताना ऐकलं होतं. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही, त्यानंतरही नाही. तर असा माणूस मी. मशीन मला आवडणारच.

आता भाजीच्या काकूंबद्दल.

मॉलमध्ये भाजी आपण निवडायची आणि काकूंकडं न्यायची. त्या तोलून पिशवीवर चिठ्ठी चिकटवायच्या, आणि मग ती पिशवी परत उघडून त्यात मूठभर सांबार टाकायच्या. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. इकडं आल्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डाळीचा वाडगा शोधला होता. काकू आधी हातगाडीवर भाजी विकायच्या, रस्ता रुंद झाला तेव्हा गाडी गेली आणि इथं नोकरी लागली. गाडीवर असताना भाजी घेतली की वर सांबार द्यायचाच, नाहीतर गिऱ्हाईक काय म्हणेल, ही त्यांची रीत. नोकरी लागली म्हणून ती रीत काय सुटली नाही. क्रेटच्या तळाशी जुड्यांतून सुटलेल्या काड्या पडायच्या, ज्या संध्याकाळी कचऱ्यात जायच्या, त्याच त्या वेचून ठेवायच्या.

“नुसते वांगे घेऊन जाता काय घरी?” त्या म्हणायच्या. “मले सोभते काय थे?”

कॅशवरच्या ताईंना हे ठाऊक होतं. पिशवीतून सांबाराची शेंडी बाहेर डोकावत असली तरी त्या फक्त चिठ्ठीवर लाल उजेड मारायच्या आणि पिशवी पुढं सरकवायच्या. मशीनलाही सुरुवातीला काही कळत नव्हतं. त्याच्या पाटाखाली काटा आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण तो चालू केलेला नव्हता.

तो ज्या दिवशी चालू केला, त्या दिवशी संध्याकाळी मी वांगी घेऊन गेलो. रविवार होता, गर्दी. काचेवर चिठ्ठी दाखवली, टिंग झालं, पिशवी पाटावर ठेवली. आणि मशीनच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला.

“वजन जुळत नाही,” बाई म्हणाली. “कृपया मदतीची वाट पहा.”

मी पिशवी उचलली, परत ठेवली. “वजन जुळत नाही.” तोच स्वच्छ आवाज, फक्त आता त्याच्यात मला जरब ऐकू येत होती. सगळ्या रांगा माझ्याकडं बघायला लागल्या. दारावरचा गार्ड आला. त्यानं पिशवी उघडली आणि पाटावर पालथी केली. वांगी गडगडली, आणि त्यांच्यावर सांबार पडला. ओला, ताजा, हिरवागार. त्या दिवशी काकूंनी नेमका भरपूर टाकला होता.

मॅनेजर आला. तरुण होता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, नवीन लागलेला. आवाज चढवला नाही त्यानं, ते मी सांगितलं पाहिजे. म्हणाला, “ही कोथिंबीर बिलात नाही. कुठून घेतली तुम्ही?”

काकू समोरच होत्या, भाजीच्या काट्यापाशी. हातात कुणाची तरी भेंडीची पिशवी तशीच धरलेली. माझ्याकडं बघत होत्या. मीही त्यांच्याकडं बघितलं. मला वाटत होतं, त्यांनी बोलावं. एवढंच मनात होतं, की त्यांनी पुढं यावं, म्या देल्ला म्हणावं आणि मला ह्यातून सोडवावं. त्या आल्या नाहीत. मग मला वाटलं, मीच सांगतो. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटलेली.

“बोला ना,” मॅनेजर म्हणाला. “तुम्ही उचलली?”

गार्ड म्हणाला, “सायेब, ज्यानं खाल्लं त्याचं थोबाड असंच असते.”

रांगेत कुणीतरी हसलं. कॅशवरच्या ताई तेवढ्यात ओरडल्या, “अहो, खाली पडला असन अन् उचलला असन त्यानं! एवढ्याशा सांबारासाठी काय जीव घेता काय मानसाचा?” मॅनेजरनं एक पूर्ण जुडी बिलात लावायला सांगितली, मी पैसे भरले आणि वांगी वेचली. सांबार तिथंच राहिला. घरी येईपर्यंत मला रस्ता दिसला नाही.

तीन-चार दिवस मी तिकडं गेलो नाही. मग पीठ संपलं. आत शिरलो तर काकूंनी लांबून हात केला, आणि मी जवळ गेल्यावर काट्याच्या आडून माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते.

“लय उपकार केले भाऊ तुमी. माहं नाव नाही घेतलं.”

मी काहीतरी पुटपुटलो.

“ब्रेडकडं एक पोरगी व्हती ना, तिनं एका लेकराच्या हातात टोस देल्ला तं त्याच दिवशी तिले घरी बसोलं. अन् मी तं रोज देतो. बोलले असते तुमी एक शब्द, तं माहंबी तसंच व्हतं. घरात माह्या एकटीचा पगार हाय. आमच्या बुढ्याचे गुडघे गेले, पोराच्या कामाचं काही ठिकाण नाही.” त्यांनी माझा हात दाबला. “चोर म्हनून घेतलं स्वतःले. परक्या मुलखातला मानूस, अन् असं केलं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. पण समोर माणूस रडत असताना कसं सांगायचं, की मी तुम्हाला वाचवलं नाही, मला बोलताच आलं नाही? जीभ सुटली असती तर काय सांगितलं असतं, हे मला आजही माहीत नाही. माहीत नाही असं म्हणतो. बहुतेक माहीत आहे.

बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला घरी बोलावलं. मी टाळत होतो, तर मुलाला पाठवून गाडीवर बसवून नेलं. दोन खोल्यांचं घर, रंग नवीन दिलेला, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, समोर मेणबत्त्या. पांढऱ्या साडीत काकू वेगळ्याच दिसत होत्या, मॉलचा निळा कोट नसलेल्या. मला मधोमध बसवलं. शेजारच्या बाया दारात येऊन बघून जात होत्या.

“हेच थे,” काकू सांगायच्या. “कोल्हापूरचे. यायनं माही नोकरी वाचोली.”

त्यांचे म्हातारे गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, मी नको नको म्हणत असताना उठले, आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन उभे राहिले. वाटीत खीर होती, वेलदोड्याचा वास येत होता. प्रत्येक घासाला वाटत होतं की हे दुसऱ्या कुणाचं तरी ताट आहे आणि तो माणूस आता दारातून आत येईल.

“आवडली नाही काय?” काकूंनी विचारलं.

“आवडली की.”

“मंग असं तोंड कावून केलं? अजून घ्या.”

मी आणखी घेतली.

मी मशीनवर जाणं सोडलंच होतं. ताईंच्या रांगेत पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा त्यांनी लांबूनच हाक मारली, “या भाऊ, या! चोरायची रांग इकडंच हाय.” सगळे हसले, मलाही हसावं लागलं. पण माझा नंबर आला तेव्हा त्यांनी मान खाली घालून, मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात विचारलं, “तुमी घाबरले व्हते ना त्या दिवशी?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मले दिसलं. तुमचे ओठ हालून राहिले व्हते.” त्यांनी साबण सरकवला. “मीबी घाबरली व्हती. मले तं सगळंच माहीत व्हतं.” मग एकदम नेहमीच्या पट्टीत, “गजकर्ण गेलं का नाही?”

काकूंनी सांबार देणं बंद केलं नाही. मला वाटलं होतं करतील. पण त्यांनी त्याच्यावर दुसराच तोडगा काढला. भाजी तोलून झाली, चिठ्ठी लागली, की त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून हळूच विचारायच्या, “मशीनवर का मानसावर?”

मशीनवर म्हटलं की पिशवीला गाठ मारून देणार. माणसावर म्हटलं की मूठभर सांबार आत.

हे कळायला लोकांना कितीसा वेळ लागतो? अमरावतीत बातमी चालायला वाहन लागत नाही. पंधरा दिवसांत ताईंची रांग तेलाच्या डब्यांपर्यंत गेली आणि मशीनं दोन्ही रिकामी. लोक घामाघूम उभे राहायचे, वैतागायचे, पण हलायचे नाहीत. एक वकील साहेब होते, दिवसभर मोबाईलवर शेअर घेणारे-विकणारे. तेही पिशवी छातीशी धरून रांगेत. ताई म्हणायच्या, “पाहा, लोकायचं माह्यावर केवढं प्रेम हाय.” वकील साहेब म्हणायचे, “हो ना बाई, तुझा सांबार लय गोड हाय.” सगळं सगळ्यांना माहीत होतं. फक्त मॅनेजरला नव्हतं. तो बिचारा मशीनच्या बाजूला उभा राहून, या ना, इकडं या ना, असं म्हणायचा आणि लोक त्याच्याकडं बघून गोड हसायचे.

मला या सगळ्याची धास्ती वाटायची. एकदा कुणी नीट बघितलं की काकू संपल्या. त्यांना म्हणालोसुद्धा, थोडे दिवस थांबा. त्या म्हणाल्या, “तुमी हाय ना.” आणि हसल्या.

मग अकोल्याहून मोठे साहेब आले. तिकडं मोठी शाखा आहे, तिथून या भागाचं सगळं बघतात. मशीनं का चालत नाहीत हे बघायला आले होते. शांत, पिकल्या केसांचे, चांगलं बोलणारे गृहस्थ. थोडा वेळ मशीनपाशी थांबले, मग रांगेच्या कडेनं चालत आले. मॅनेजर मागं. आणि इतक्या माणसांत माझ्यासमोरच थांबले. मी पिशवीवरचा हात घट्ट केला. आत दोडके होते आणि त्यांच्यावर सांबार.

“काका, एक विचारू का?” ते म्हणाले. “तिकडं दोन्ही मशीनं मोकळी आहेत. तुम्ही इथं एवढा वेळ उभे. का बरं?”

ताईंचा हात बटणांवर थांबला. मी काकूंकडं बघितलं नाही. त्या कशा उभ्या असतील ते मला न बघताच दिसत होतं.

जीभ टाळूला चिकटली. ती चिकटते हे मला पाठ आहे. पण ह्या खेपेला मी तिथंच थांबलो, खाली बघितलं नाही, आणि ती सुटेपर्यंत साहेबांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यांनीही वाट बघितली.

“मला येत न्हाई ओ,” मी म्हणालो. “मी शाळा शिकलेला न्हाई. एकदा गेलो, तर लाल दिवा लागला. काय कळंना मला.”

हे मी जन्मात कुणासमोर म्हटलं नव्हतं. त्यात शाळेचं अर्धं खरं होतं आणि मशीनचं सगळं खोटं. त्या मॉलमध्ये ते मशीन माझ्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

साहेबांनी लगेच मान डोलावली. एवढी लगेच डोलावतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्या चपलांकडं बघितलं, नखांत अडकलेल्या, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या सिलिकॉनकडं बघितलं, आणि त्यांना पटलं.

“हो सर,” मॅनेजर मागून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “यांचंच झालं होतं ते. म्हणजे काका, तुम्हाला त्या दिवशी कळलंच नव्हतं होय! मी उगीच...” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बरा पोरगा होता.

“मले बी नाही येत,” वकील साहेब मागून म्हणाले.

“मले तं काहीच समजत नाही त्यातलं,” एक बाई म्हणाल्या, ज्यांची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरवर आहे.

“आमी अडानी लोकं साहेब,” आणखी कुणीतरी म्हणालं, आणि रांगेच्या शेवटापर्यंत तेच गेलं. मागं कुणीतरी हसू दाबत होतं. त्यांना मजा वाटत होती. ते घरी जाऊन जेवताना हे सांगणार होते. मला मजा वाटली नाही.

साहेब मॅनेजरला म्हणाले, आणि ते मला स्पष्ट ऐकू आलं, “इथली माणसं अजून तयार नाहीत. सक्ती करण्यात अर्थ नाही.”

मी ह्या मुलखाचं काय काय खाल्लंय. पहिल्यांदा आलो तो अकोल्याला, दवाखान्याच्या इमारतीच्या खिडक्या बसवायला. कावीळ झाली, ठेकेदार निघून गेला, तर घरमालकीण बाईंनी महिनाभर माझ्या दाराशी ताकभात ठेवला. भाड्याचं नाव काढलं नाही. नंतर इथं अमरावतीत खिडक्यांच्या दुकानाच्या शेठनं बिनओळखीचा माणूस कामावर ठेवून घेतला. आणि त्या मुलखाला एका साहेबानं माझ्या तोंडाकडं बघून अडाणी ठरवलं. चोर म्हटलं तेव्हा मला घरी जाईपर्यंत रस्ता दिसला नव्हता. ह्या वेळी रस्ता नीट दिसत होता, आणि तरी त्याहून वाईट वाटत होतं.

काकूंनी दुसऱ्या दिवशी मेथीच्या भाजीचा डबा आणला. “दोनदा झालं तुमचं,” त्या म्हणाल्या. “आता मी कसं फेडू सांगा.” दुसऱ्यांदा खरंच केलं होतं मी, त्यांच्यासाठीच. पण पहिल्याचं ओझं त्याच्यावर असं बसलं होतं की ते हातात घेऊन बघताही येईना.

मशीनं गेली. एका सकाळी टेम्पोत घालून अकोल्याला नेली. ताईंच्या शेजारी पुन्हा एक काउंटर लागला, तिथं एक नवीन मुलगी बसली. काकू आता कुणाला काही विचारत नाहीत, सरळ सांबार टाकतात.

दिवाळीनंतर मला अकोल्याचं काम आलं. कॉलेजच्या वसतिगृहाच्या खिडक्या, पंधरा-वीस दिवसांचं. तिकडची ती मोठी शाखा स्टेशनच्या बाजूला आहे. संध्याकाळी पीठ-मीठ आणायला गेलो. मशीनं ओळखीची निघाली. एकाच्या पाटाच्या कोपऱ्यावर माझ्याच पान्याचा ओरखडा होता, एकदा घाईत पिशवीबरोबर ठेवला गेला तेव्हाचा. तिथं आधीची चार होती, ही दोन धरून सहा झाली. माणूस बसलेला काउंटर एकच होता आणि त्याच्यावर बंदची पाटी.

मी वांगी निवडली आणि तोलणाऱ्या बाई शोधायला लागलो. तिथं नुसता काटा. वर चित्रं, आपणच वांग्याच्या चित्रावर बोट ठेवायचं, चिठ्ठी आपोआप बाहेर. शेजारी एक गृहस्थ टमाटे तोलत होते. त्यांना विचारलं, “इथं तोलायला कोण नाही का?”

“व्हती एक बाई,” ते म्हणाले. “बरी व्हती. नवे मशीन आले तवापासून बंद केली. आता सगळं आपलं आपुनच.”

“कुठं गेली?”

“मले काय माहीत भाऊ? कुठंतरी गेली असन.”

काट्याच्या शेजारी जुड्यांचा क्रेट होता. तळाशी सुटलेल्या काड्या पडल्या होत्या, बऱ्याच. मी त्यांना हात लावला नाही. वांगी तोलली, चिठ्ठी लावली आणि मशीनपाशी गेलो. दुसरी वाट नव्हतीच. मराठीवर बोट ठेवलं, टिंग, पाट, पैसे. माझ्या मागं सासू-सून होत्या. त्यातली सासू म्हणाली, “पाय वं, त्यायले कसं पटापट येते.” माझे कान तापले, पार गजकर्णाच्या दिवसासारखे.

वजन जुळलं. बाई धन्यवाद म्हणाली.

तिथून आल्यावर पहिल्यांदा मॉलमध्ये गेलो तेव्हा काकूंनी लांबून ओळखलं. तब्येत उतरली म्हणाल्या, तिकडं काय खात होता म्हणाल्या. मग वांगी काट्यावर ठेवत विचारलं, “आपली मशीनं दिसली काय अकोल्यात?”

“दिसली.”

“चालते?”

“चालते.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तिकडच्या लोकायले येत असन. अन् तिथं भाजीले कोन हाय? माह्यासारखी हाय का कोनी?”

मी वांग्यांकडं बघितलं. जीभ अगदी मोकळी होती, कुठं चिकटलेली नव्हती.

“हाय एक,” मी म्हणालो.

“देते काय सांबार?”

“न्हाई देत.”

“हं,” काकू म्हणाल्या, आणि क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक मूठ काढली, मग दुसरी. “पंधरा दिवस झाले असतीन तुमाले खाऊन.” पिशवी इतकी भरली की तोंड बांधता येईना. ती तशीच उघडी छातीशी धरून मी ताईंच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.